आधी भोक, मग बूच

गळणाऱ्या वस्तूवर आपल्याकडे दोनच उपाय आहेत. एक, खाली बादली ठेवणे आणि दोन, वर काहीतरी फासणे. बादलीबद्दल माझी तक्रार नाही. बादली हे प्रामाणिक भांडं आहे. 'गळतंय बुवा, मी आपली धरते आहे,' एवढंच तिचं म्हणणं असतं. दुरुस्ती झाली असा आव ती आणत नाही. माझं भांडण आहे ते फासणाऱ्यांशी.

हा एक मोठा संप्रदाय आहे. मी त्याला लेपसंप्रदाय म्हणतो. त्यात जातपात नाही, शिक्षणाची अट नाही, स्त्री-पुरुष भेद नाही. एरवी भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी तीनदा उलटीपालटी करून बघणारा माणूस गळक्या वस्तूसमोर उभा राहिला, की क्षणभरही न बघता म्हणतो, "यावर ते लावा ना!" ते म्हणजे काय, हे विचारायची सोय नाही. ते म्हणजे दोन रंगांच्या कांड्या कणकेसारख्या मळून करतात ते सील. ते म्हणजे पांढरं सिलिकॉन. ते म्हणजे डांबराची चिकटपट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, सफेदा आणि सुतळी. संप्रदायात पंथ पुष्कळ, पण मूळ श्रद्धा एकच. पाणी जिथून बाहेर येताना दिसतं तिथेच भोक असतं, आणि भोकावर काहीतरी थापलं की पाण्याला लाज वाटून ते परत फिरतं.

हे पदार्थ वाईट आहेत असं मी म्हणत नाही. लोखंडी नळाच्या आट्यांवर सफेदा-सुतळीने आपल्या दोन पिढ्या तारल्या. मळायचं सीलही लोखंडावर, दगडावर, सिमेंटवर घट्ट बसतं. दोष त्यांचा नाही. क्रोसिन चांगलं औषध आहे म्हणून ते तुटलेल्या हाडावर उगाळून लावायचं नसतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुराव्यादाखल आमच्या साडूंचं मोटारहोम घेतो.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. ते खास आपल्याला उद्देशून आहे असं आमच्या साडूंना वाटलं. त्यांनी नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, हातात पैसा होता, आणि घरात थांबायची इच्छा त्यांनाही नव्हती आणि मेहुणीचाही तसा आग्रह नव्हता. त्यांनी एक सेकंडहँड मोटारहोम घेतलं. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मोटारहोम म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. फक्त नांगीच्या जागी सोलर पॅनेल. आत दोन पलंग, एक गॅसची शेगडी, एक बेसिन आणि एक संडास, ज्यात बसलं की आपले गुडघे आणि समोरची भिंत यांचा निकटचा परिचय होतो. आणि या सगळ्या संसाराचा प्राण म्हणजे बाकाखाली बसवलेली शंभर लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी.

शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. दोन सडपातळ पाहुणे बाकाखाली कोंबल्यासारखं आहे ते. आणि हे पाहुणे स्वस्थ बसत नाहीत. ब्रेक मारला की पुढच्या भिंतीवर आदळतात, वळण आलं की बाजूच्या. आपल्या गच्चीवरची टाकी बसून नोकरी करते. मोटारहोमच्या टाकीची नोकरी फिरतीची. गच्चीवरच्या टाकीला जन्मभरात जेवढे धक्के बसत नाहीत, तेवढे मोटारहोमच्या टाकीला पुणे-सातारा रस्त्यावर एका दुपारी बसतात. तेव्हा अशी टाकी कधी ना कधी गळणार, यात नवल नाही. नवल आहे ते पुढे जे केलं जातं त्यात.

एके दिवशी बाकाच्या डाव्या कोपऱ्याखालचं प्लायवूड ओलं दिसलं. संध्याकाळपर्यंत साडूंच्या सोसायटीतले अर्धा डझन तज्ज्ञ जमले. पहिल्या तज्ज्ञाने टाकीच्या डाव्या भिंतीवर सील मळून थापलं. चार दिवसांनी पुन्हा ओलं. दुसऱ्याने त्यावर सिलिकॉन फिरवलं. आठ दिवसांनी पुन्हा ओलं. तिसऱ्याने डांबराची पट्टी मारली. मग एक प्लंबर आला. त्याने पाना काढून दिसेल तो नट आवळला, आणि गळती थांबली नाही म्हणून अजून आवळला. आवळणे हाही लेपाचाच एक पंथ समजावा. त्यात फक्त बाहेरून काही लावायच्या ऐवजी आतलं काहीतरी मोडतात.

मी म्हटलं, "साडूबुवा, आधी भोक कुठे आहे ते बघू या."

ते म्हणाले, "अहो, पाणी डावीकडून येतंय हे दिसतंय ना डोळ्यांनी? तुम्हा बँकवाल्यांना प्रत्येक गोष्टीला कागद लागतो."

लागतो. यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. मी कॉमर्सचा पदवीधर, इंजिनिअरिंगशी माझा संबंध पेन उघडण्यापुरता. पण गळती या विषयात मी वीस वर्षं नोकरी केली आहे. संध्याकाळी कॅश मोजताना रक्कम कमी भरणे म्हणजे गळतीच. माझ्या पहिल्या शाखेत एक जुने हेडकॅशियर होते. चारशे पन्नास रुपये कमी भरले आणि नवखा कारकून घाबरून खिशात हात घालू लागला, की ते त्याचा हात धरायचे. "पैसे घालू नकोस. फरक नवाने भाग जातोय का बघ." ४५० ला नवाने भाग जातो. म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत. ७२० चे २७० झाले असतील. भाग जात नसेल तर फरक निम्मा कर आणि त्या रकमेची नोंद जमेऐवजी नावे पडली आहे का ते शोध. दहा मिनिटांत चूक सापडायची. खिशातून साडेचारशे घातले असते तर त्या दिवशीचा हिशेब जुळला असता आणि चूक वहीत तशीच राहिली असती, उद्या कुणा गिऱ्हाइकाच्या खात्यात डोकं वर काढायला.

बँकेत लेप लावायचीही सोय आहे. त्याला सस्पेन्स खातं म्हणतात, मराठीत उचंत खातं. कशाचा मेळ लागेना की रक्कम तिथे टाकायची, तात्पुरती. या 'तात्पुरती' शब्दावर माझा फार राग आहे. मराठी भाषेत याच्याइतका दीर्घायुषी शब्द नाही. तात्पुरत्या शेडमध्ये भरणारी शाळा बघा, रस्त्यावरचा तात्पुरता खड्डा बघा, तात्पुरता म्हणून राहायला आलेला पुतण्या बघा. उचंत खात्यात तात्पुरती टाकलेली रक्कम टाकणारा रिटायर होऊन त्याचं पेन्शन सुरू झालं तरी तिथेच असते, आणि दर ऑडिटला नवा माणूस तिच्यावर नवा शेरा मारतो. सिलिकॉनवर डांबराची पट्टी मारतात तसा.

आता साडूंच्या टाकीच्या जातीबद्दल थोडं सांगणं भाग आहे. ही टाकी पॉलिथिनची. दुधाची पिशवी असते त्याच घराण्यातली, फक्त अंगाने धष्टपुष्ट. टाकीच्या अंगावर कुठेतरी त्रिकोणात २ किंवा ४ आकडा असला तर समजावं की हे पॉलिथिन आहे. आणि पॉलिथिन हा अत्यंत अलिप्त वृत्तीचा पदार्थ आहे. तो कुणालाही चिकटून घेत नाही. नॉनस्टिक तव्याला डोसा चिकटत नाही तो ज्या स्वभावामुळे, साधारण त्याच स्वभावामुळे पॉलिथिनला गोंद चिकटत नाही. पटत नसेल तर एकच गोष्ट बघा. क्षणात चिकटणारा जो डिंक मिळतो, ज्याने माणसाची बोटं एकमेकांना चिकटून दवाखान्यात जायची पाळी येते, तो डिंक कशात भरलेला असतो? पॉलिथिनच्याच बाटलीत. पॉलिथिनला तो चिकटत असता तर बाटलीतून बाहेर आला असता का? एवढा पुरावा डोळ्यांसमोर, हातात धरून, दाबून, माणसं तोच डिंक पॉलिथिनच्या टाकीवर ओततात. मग तो वाळतो, कडक होतो, खपलीसारखा दिसतो, आणि खपलीसारखाच एक दिवस सुटून पडतो.

पॉलिथिनला फक्त पॉलिथिन मानवतं. गरम हवेच्या बंदुकीने चिरेच्या दोन्ही कडा आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून एकजीव करायची, म्हणजे वेल्डिंग. चिकटवणं वेगळं आणि एकजीव करणं वेगळं. पाहुणा म्हणून राहणं आणि दत्तक जाणं यात जो फरक आहे तो.

"पण प्रत्येक लेपानंतर गळती कमी झाली होती त्याचं काय?" असा प्रश्न साडूंनी मला विचारला. लेपसंप्रदायाचा हा ठेवणीतला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर देणं माझं कर्तव्य आहे. लेप लावायला टाकी रिकामी करावी लागते. लेप वाळल्यावर भीतभीत ती अर्धीच भरतात. पाण्याची उंची निम्मी, म्हणून दाब निम्मा, म्हणून गळती मंद. लोकांना वाटतं, गुण आला. मग हळूहळू धीर चेपतो, टाकी पूर्ण भरली जाते, आणि रोग उलटला असं म्हणतात. रोग होता तिथेच होता. रोग्याला दोन दिवस उपास घडला होता, इतकंच.

शेवटच्या लेपानंतर सेकंदाला एक थेंब पडत होता. साडू म्हणाले, "एका थेंबाने काय होतंय?" मी नोकरीतली सवय म्हणून हिशेब केला. दिवसाचे ८६,४०० थेंब. सलाईनच्या हिशेबाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. दिवसाला ४.३२ लिटर. वर्षाला १,५७७ लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. म्हणजे सेकंदाला एक थेंब टाकणाऱ्या ३१७ टाक्या मिळून वर्षात अशी एक आगगाडी जमिनीत जिरवतात. ३१७ टाक्या म्हणजे काही फार नव्हेत. आमच्याकडच्या दोन मोठ्या सोसायट्यांच्या गच्च्या पालथ्या घातल्या तर तेवढ्या टाक्या भरतील. त्यातल्या किती गळक्या आहेत ते विचारू नका. वार्षिक सभेत मी विचारतो आणि लोक चहा कधी येणार ते विचारतात.

अशा अवस्थेत मे महिन्यात आम्ही दोन्ही कुटुंबं त्या गाडीतून गुहागरला निघालो. कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. घाटातल्या वळणांवर गाडीच्या बाजूच्या एका बारीक नळीतून पाण्याच्या चिळकांड्या उडू लागल्या. ती होती टाकीची हवेची नळी. टाकीत पाणी शिरताना आतली हवा बाहेर जायला आणि पाणी उपसताना बाहेरची हवा आत यायला ती लागते. टाकी काठोकाठ भरलेली असली आणि गाडी कलली, की त्या नळीतून पाणी उडणारच. शिगोशिग भरलेला तांब्या घेऊन जिना चढून बघा. तो तांब्या गळका नसतो. पण साडूंनी घाट उतरल्याबरोबर टपरीशी गाडी थांबवली, कप्प्यातून कांड्या काढल्या, मळल्या, आणि त्या नळीचं तोंड लिंपून टाकलं. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत टाकीचं नाक बुजवून झालं होतं.

चिपळूण सोडून पुढे एका वाडीपाशी आम्ही मुक्काम केला. टाकीचा काटा तळाला आलेला. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात. हे लहानपणी भूगोलात शिकलो तेव्हा गंमत वाटली होती. त्या वाडीच्या विहिरीत पाणी तळाला गेलेलं. बायका दोर सोडून अर्धी-अर्धी कळशी वर काढत होत्या. तरी पाहुणे म्हणून त्यांनी आम्हाला पाणी दिलं. कोकणातला माणूस पाण्याला नाही म्हणत नाही. आठ हंडे त्यांनी चढणीवरून डोक्यावर आणले. साडू गाडीपाशी उभं राहून नरसाळ्यातून टाकीत ओतत होते. आणि हवेला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे टाकी ढेकर देत होती. दर हंड्याला एक ढेकर, आणि दर ढेकरेला तांब्याभर पाणी नरसाळ्यातून उसळून रस्त्यावर. टाकीचं झाकण सैल होतं म्हणून बरं. नाहीतर रात्री नळ सोडला असता पंपाने टाकी आतल्या आत चोखली असती.

सकाळी उठून बघतो तर गाडीखाली चिखल झालेला, आणि त्यात चार कोंबड्या आनंदाने पाणी पीत उभ्या. घाटातल्या धक्क्यांनी गळती वाढून रात्रभर बारीक धार लागली होती. आठ हंड्यांतले तीन-साडेतीन जमिनीने प्यायले होते. त्या बायकांतली एक वयस्कर काकी रिकामी कळशी कमरेवर घेऊन उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, कोंबड्यांकडे पाहिलं, मग साडूंकडे पाहिलं.

"पानी तुमाला दिलं का रस्त्याला?"

साडू म्हणाले, "अहो, तात्पुरतं लावलंय ते—"

ती पुढे काही बोलली नाही. विहिरीकडे गेली. आमच्या मेहुणीने त्या दिवशी चहा केला नाही आणि आम्ही कुणी मागितलाही नाही.

याच चिपळूण तालुक्यात तिवरे नावाचं गाव आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तिथलं धरण फुटलं आणि घरं माणसांसकट वाहून गेली. धरणाला गळती आहे अशी तक्रार आपण आधी केली होती, असं गावकरी सांगत होते. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. खेकड्यांची बाजू मांडायला कुणी वकील नव्हता. साडूंच्या टाकीच्या गोष्टीत हे कुठून आलं, असं कुणी म्हणेल. आलं ते त्याच रस्त्याने. 'गळतंय' या तक्रारीला 'कुठून?' असं विचारायच्या ऐवजी 'बघू' म्हणणारा माणूस बाकाखालच्या टाकीपाशीही तोच असतो आणि धरणापाशीही तोच. टाकीपाशी फक्त प्लायवूड भिजतं.

तात्पुरता उपाय कधीच करू नये असं मात्र मी म्हणणार नाही. १९६१ च्या जुलैत पानशेतचं धरण खचू लागलं तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. धरण १२ तारखेला फुटलंच. पण त्या पोत्यांनी काही तास मिळवून दिले. त्या जवानांनी पोती रचली आणि 'झालं काम' म्हणून घरी जाऊन झोपले, असं झालं नाही. लेपवाले नेमके इथे झोपतात.

पुण्याला परत आल्यावर मेहुणीने साडूंना असं काही बजावलं की त्यांनी एक अख्खा रविवार माझ्या स्वाधीन केला. मी गाडी सपाट जागी लावायला लावली. हवेच्या नळीवरचं सील कोरून काढलं. टाकी भरली आणि पाण्यात जिलबीचा केशरी रंग कालवला. याचं कारण, गाडीखाली ठिबकणारं प्रत्येक पाणी टाकीचंच असतं असं नाही. एसीचं पाणी ठिबकतं, बेसिनच्या सांडपाण्याची टाकी वेगळी असते, दमट हवेत गार टाकीच्या अंगावर दव धरतं. केशरी ठिबकलं तर आपलं, पांढरं ठिबकलं तर परकं. केशरी ठिबकलं.

मग नळ बंद ठेवून पंपाचा खटका चालू केला आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. हे काम सर्वांत अवघड गेलं. अशा गाडीचा पंप बारा व्होल्टचा असतो. नळ उघडला की नळीतला दाब पडतो आणि पंप घर्र करून सुरू होतो, नळ मिटला की थांबतो. नळ बंद असताना तो मधूनच घर्र करत असेल तर गळती पंपाच्या पुढच्या नळ्यांत आहे. (रात्री घर्र ऐकू येतं, असं मेहुणी पूर्वी एकदा म्हणाली होती. ते साडू निघाले.) पंप गप्प होता. म्हणजे पुढच्या नळ्या निर्दोष. गळती टाकीत, नाहीतर टाकी आणि पंप यांच्यामध्ये.

मग पंप बंद करून टाकीच्या अंगावर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलीने रेघ मारली आणि वेळ लिहून ठेवली. गळतं पाणी स्वतः होऊन पत्ता सांगतं. भिंतीला मध्यावर चीर असेल तर पातळी तिथपर्यंत उतरते आणि थांबते, कारण चिरेच्या खालचं पाणी चिरेतून वर चढून बाहेर पडणार नाही. आमची पातळी उतरत गेली ती उतरतच गेली. संध्याकाळी रेघांची शिडी झाली आणि सर्वांत खालची पायरी तळाशी. म्हणजे भोक तळाला. तळाला भोक असू शकेल अशी एकच जागा होती, पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचा सांधा. तो टाकीच्या उजव्या कोपऱ्यात होता. मी तिथे वर्तमानपत्राची सुकी पट्टी दाबून धरली. ती केशरी झाली.

उजव्या कोपऱ्यात! तीन-तीन थर चढवलेली डावी भिंत ठणठणीत होती. पाणी उजवीकडे सांध्यातून निघत होतं, टाकीखालच्या फळीवरून सरपटत डावीकडे येत होतं, कारण पार्किंगला उतार डावीकडे, आणि तिथून प्रकट होत होतं. निरपराध भिंतीला दोन महिने डांबून, शब्दशः डांबून, ठेवलं होतं.

भोसरीत मोटारींचे प्लास्टिकचे बंपर वेल्डिंगने सांधणारा एक कारागीर आहे. त्याच्याकडे गाडी नेली. त्याने साडूंना पहिला प्रश्न विचारला, "कुठून गळतंय?"

"खालून," साडू म्हणाले.

"खालून पडतंय हो. गळतंय कुठून?"

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मी रेघांचा कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला, मान हलवली, बाक काढलं, सांधा उघडला. वॉशर चिंबून गेलेला. पानेवाल्या प्लंबरच्या आवळण्याने सांध्याच्या बुडाशी नखाएवढी चीर गेलेली. नळीला गाडीच्या तळाशी आधारच नव्हता. ती लोंबकळत होती आणि दर खड्ड्याला सांध्याला हिसका देत होती. त्याने चिरेच्या टोकाला सुईएवढं भोक पाडलं. साडू दचकले. चीर पुढे धावू नये म्हणून तिच्या वाटेत असं गोल भोक पाडतात. गोल कडेपाशी चीर अडते. मग खरवडलं, कोरडं केलं, गरम हवा, त्याच प्लास्टिकची कांडी. नवा वॉशर, हाताने घट्ट आणि वर पान्याचा पाव फेरा, बस. नळीला दोन ठिकाणी क्लँप. सगळं काम पाऊण तासाचं.

डाव्या भिंतीवरचे थर काढायला मात्र त्याला तीन तास लागले. साडू म्हणत होते, राहू द्या ते, काही त्रास देत नाहीत. पण तो म्हणाला, खाली काय झाकलंय ते बघितल्याशिवाय मी गॅरंटी देत नाही.

बिल हजार रुपये झालं. वेल्डिंगचे तीनशे आणि लेप काढण्याचे सातशे. साडूंनी तीनशे निमूटपणे दिले आणि सातशेवर अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी सहाशेवर तुटलं. गाडीत बसता बसता त्यांनी कप्पा उघडला, आत हात घातला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "वरून थोडं सील लावून ठेवू का? आपलं मनाच्या समाधानासाठी?"

कारागिराने शटर खाली ओढलं.